जिन्यावरून पडलेल्या बायका

दारूची दुकानं लवकर बंद केली तर मारहाण कमी होते का, या एका प्रश्नापायी तिनं अकरा वर्षं घालवली. बाई अर्थशास्त्राची, पण मुक्काम इस्पितळाच्या अपघात विभागात. तिथं तिला आकडेताई म्हणत. फाटलेले ओठ, निखळलेले जबडे, दातांनी तोडलेला एक कान. रजिस्टरातून ती प्रत्येकाचं कारण उतरवून घेई आणि कोड टाकी. मारहाण, कोड दोन. पडून, कोड सात. सातवाले निव्वळ अपघात, म्हणून ते ती वगळून टाकी. उत्तर दरवेळी एकच निघे: वेळेनं फरक पडत नाही. उद्या समितीपुढे ती हेच मांडणार होती, आणि दुकानं पुन्हा उशिरापर्यंत उघडी राहणार होती.

"ताई, आपल्याकडचे जिने फार पितात," जखमा बांधणारा ड्रेसर रक्ताचे बोळे बादलीत टाकत एकदा म्हणाला होता. "पिऊन आले की बायकांनाच पाडतात." तीही हसली होती.

त्या दुपारी तिची धाकटी बहीण आली. भुवईपासून कानापर्यंत कातडी उघडी पडलेली. नवऱ्यानं तिचा दंड घट्ट धरला होता. त्याच्या तोंडाला वास येत होता.

"जिन्यावरून पडली," तो म्हणाला. कारकुनानं लिहायला घेतलं.

"तुम्ही तर तळमजल्यावर राहता," आकडेताई म्हणाली.

"ताई, तुम्ही तुमची बेरीज-वजाबाकी बघा."

तिनं रजिस्टरवर हात ठेवला. त्यानं तिचं बोट पकडलं आणि उलटं दाबलं. काडकन आवाज झाला. ड्रेसर आणि रखवालदारानं त्याला भिंतीवर आपटलं. तो खाली बसल्यावर आणखी एकदा आपटलं. त्याची गरज नव्हती.

"ताईंच्या बोटाचं काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

"मारहाण!" बहीण किंचाळली. "माझ्या नवऱ्यानं मोडलंय. मी डोळ्यांनी बघितलंय, लिहा!"

"आणि तुमचं डोकं?"

तिनं पदर जखमेवर ओढला. "माझं राहू द्या. ते घरातलं आहे."

आकडेताईनं डाव्या हातानं समितीच्या सचिवाला फोन लावला.

"अहवाल मागे घेतेय. अकरा वर्षं मी चुकीचं मोजलं."

"पुरावा आहे काही?"

तिनं बहिणीकडे पाहिलं. बहिणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.