व्याह्यांची पुढची सीट: जुन्या गाडीने नांदेड ते औसा आणि परत

माझ्या गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. मागच्या वेळी लिहिलं, तर खाली कॉमेंटमध्ये दोन गट पडले आणि प्रवासाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. साठच्या दशकातली आहे, चार दारांची आहे आणि हिमायतनगरच्या एका गोडाऊनमधून कोंबड्या हाकलून मी ती बाहेर काढली, एवढं पुरे.

निघायचं कारण घरचंच. सूनबाईचं, म्हणजे पूजाचं, नांदेडला डोहाळजेवण होतं आणि तिच्या आईवडिलांना औशाहून आणायचं होतं. त्यांच्याकडे स्वतःची मोठी नवी गाडी आहे. पण लग्नात माणिकरावांनी माझ्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हटलं होतं, "इवाई, एकदा आमाला बी बसवा की ह्यात." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी उत्साहाच्या भरात शब्द देऊन बसलो, "पुढची सीट तुमची."

तो शब्द अंगाशी आला. आमच्या भागात पुढची डावी सीट घरातल्या मोठ्या माणसाची. जीप असो की टेम्पो, मोठा माणूस मागे बसलेला दिसला की लोक विचारतात, काय बिनसलं? त्यात माणिकराव मानपानाला पक्के. लग्नात आहेराची टोपी चुकून त्यांच्या धाकट्या चुलतभावाला आधी घातली गेली, तर पंगती उठत राहिल्या आणि हे जेवायला बसेनात. शेवटी नवरीला शालू सावरत येऊन समजूत काढावी लागली. तिच्या डोहाळजेवणात पुन्हा तेच नको, एवढीच माझी इच्छा होती.

आता त्या सीटबद्दल. जुनी गाडी घ्यायचं स्वप्न बघणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. त्या काळच्या गाड्यांना पट्टे नसत, डोक्यामागे आधार नसे. डॅशबोर्ड म्हणजे उघडा पत्रा आणि स्टीअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला. मी ड्रायव्हरला एक आणि मागे दोन पट्टे बसवून घेतले, खालून जाड लोखंडी प्लेटा देऊन. पत्र्याला भोकं पाडली म्हणून आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर दोघांनी चक्क श्रद्धांजलीचे हात जोडले. डावी सीट तेवढी राहिली होती. ती ज्या रेलवर पुढेमागे सरकते त्या रेलचे दात झिजले होते, खटका धरत नव्हता. लातूरच्या एका भंगारवाल्याकडे जोडीची रेल असल्याचं कळलं. आदल्या दिवशी लातूर गाठायचं, रेल आणि पट्टा बसवायचा, सकाळी औसा आणि तिथून परत, असा बेत ठरला.

सकाळी निघालो. बायको सुलभा मागे, पट्टा लावून. लोह्याला सुशीला, म्हणजे आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा उपमा, आणि चहा, शंभराच्या आत दोघांचं पोट भरलं. रस्ता आता चौपदरी आणि गुळगुळीत आहे, आणि जुन्या गाडीला तोच त्रास. आपण साठने जातो, बाकी सगळे अंगावरून. मला जुनी गाडी चालवताना चैन नसते. कुठे खडखडलं, कशाचा वास आला, काटा वर का गेला, सतत जीव टांगणीला. तरी घरी बसवत नाही, पायाला भिंगरी आहे.

माळाकोळीच्या पुढे एक कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक दाबला आणि शेजारची रिकामी सीट आपोआप सरकत जाऊन धाडकन डॅशबोर्डवर आदळली. तिच्यावर कुणीही नव्हतं.

"कोण बसणार म्हणालात तिथं?" सुलभाने मागून विचारलं.

तिथून लातूरपर्यंत प्रत्येक ब्रेकला माझा डावा हात सीटकडे जात होता. अहमदपूरला थांबून माणिकरावांना फोन लावला, म्हटलं टॅक्सी पाठवू का. ते म्हणाले, "न्हाई न्हाई. सगळ्या गल्लीला सांगून बसलोय, जुन्या गाडीत पुढं बसून जाताव म्हणून." मी बरं म्हणून फोन ठेवला.

लातूरला गंजगोलाईजवळ गफ्फारभाईंचं सीटच्या कामाचं दुकान. भंगारातली रेल तंतोतंत जुळली, तेव्हा मी मनात पेढे वाटले. ते सीट उतरवत होते आणि मला एका जागी उभं राहवेना. गोलाईला चकरा मारल्या, नको असलेली चाळणी विकत घेतली, परत आलो. गफ्फारभाई वेल्डिंगची तयारी करत होते. "बोल्टची भोकं जरा ढिली झाल्यात. दोन टाके मारतो साहेब, हलणार न्हाई."

सुलभाने तिथला स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि भोकाशेजारी टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मॅटखाली पत्रा गंजून पापड झाला होता. समोरच्या काचेतून झिरपणारं पाणी तिथेच साचत आलं असणार. मी बॉनेटला एवढं पॉलिश केलं, पण मॅट उचलून कधी पाहिलं नव्हतं.

गफ्फारभाईंनी वेल्डिंगची दांडी खाली ठेवली. "न्हाई, असल्या पत्र्यावर मी न्हाई मारत. उद्या काय झालं तर माझं नाव निघंल. फरशी बदलावी लागंल, चार दिस जातील."

"मग व्याह्यांना मागे बसवतो," मी म्हणालो.

"मोकळी सीट समोर ठिवून इवायाला मागं बसवताव? पोरगी माघारी नेतील ते."

"मग सीटच नको," सुलभा म्हणाली. "जागाच नसली तर कुणाचा अपमान?"

सीट नव्याने भरायला गफ्फारभाईंकडेच ठेवली आणि भोकावर प्लायवूडची फळी टाकली. रात्री निलंगा भात मागवला. तो एरवी मी दोन प्लेट खातो, त्या दिवशी अर्धी प्लेट तशीच राहिली. मागे पट्टे दोनच, म्हणून सकाळी सुलभा बसने नांदेडला गेली. मी एकटा औशाकडे.

किल्ला ओलांडून गल्लीत शिरलो तर माणसं जमलेली. माणिकराव कडक इस्त्रीत, पांढरी टोपी. त्यांनी स्वतःच पुढचं दार उघडलं आणि फळीकडे बघत राहिले.

"इवाई, माझी सीट?"

मी खरं ते सांगितलं. पत्रा सडलाय, तिथे बसणं जिवावरचं आहे. गर्दीतून कुणीतरी हसत म्हणालं, "अण्णा, बसा आता मागं बायकांत." माणिकरावांचा चेहरा उतरला. एवढ्यात विहीणबाईंनी, शकुंतलाबाईंनी, लाडवांचा डबा फडक्यात बांधून फळीवर ठेवला आणि मागे जाऊन बसल्या. माणिकराव शेजारी बसले आणि दार असं आपटलं, की काच खडखडली.

पट्ट्याचं नाव काढताच म्हणाले, "मी काय बैल हाय का, बांधाया?"

"लावा की वो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पूजी वाट बघायलीय."

त्यांनी लावला. लातूर मागे पडलं. मग आरशात मला शकुंतलाबाई नवऱ्याकडे निरखून बघताना दिसल्या.

"इतकी वर्षं गाडीत मला तुमच्या टोपीची मागची शिवणच दिसायची," त्या म्हणाल्या.

"मग? आता काय दिसायलंय?"

"कानावर केस लई वाढल्यात."

माणिकरावांनी कानाला हात लावला आणि हसले. चाकूर येईपर्यंत ते बायकोला खिडकीतून एकेक रान दाखवत होते, ही तूर कुणाची, तो ऊस कुणाचा. दोघं शेजारी बसून प्रवासाला पहिल्यांदाच निघाले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शिरूर ताजबंदच्या अलीकडे दुभाजकाच्या फटीतून उसाचा ट्रॅक्टर एकदम समोर आला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चाकं घासत गेली, गाडी तिरकी झाली आणि ट्रॉलीच्या पुढ्यात थांबली. डबा फळीवरून उडून डॅशबोर्डवर आदळला, झाकण निघालं, लाडू विंडस्क्रीनपर्यंत गेले. मागच्या दोघांना पट्ट्यांनी धरून ठेवलं होतं. मी गाडी कडेला घेऊन खाली उतरलो. मी खरोखर घाबरलो होतो.

माणिकराव उतरले. पुढचं दार उघडून त्यांनी डबा उचलला. त्याची कड चेपली होती.

"सीट असती तर?"

"सीटसकट तिथं गेला असता तुम्ही."

ते मागे जाऊन बसले आणि म्हणाले, "इवाई, हिचा पट्टा नीट बसलाय का बघा बरं."

डोहाळजेवण छान झालं. फुटलेले लाडू सुलभाने पुन्हा वळले, कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी माणिकरावांचा मुलगा नवी गाडी घेऊन न्यायला आला. त्याने सवयीने वडिलांसाठी पुढचं दार उघडलं. शकुंतलाबाई मागे बसलेल्या होत्या. माणिकरावांनी एकदा मागे पाहिलं, एकदा आमच्या दारात जमलेल्या पाहुण्यांकडे पाहिलं, आणि पुढे बसले. मला उगीच वाईट वाटलं.

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर पॉलिशच्या आधी मॅट उचला, टोच मारून बघा. माझ्या गाडीचा पत्रा आता नवा आहे, खाली प्लेट आहे, चौथा पट्टा आहे. लातूरहून सीटही आली, लाल रेक्झिनची. व्हरांड्यात ठेवली आहे. परवा माणिकरावांचा फोन आला.

"सीट बसवली का वो?"

"उद्या बसवतोय. आता सगळं पक्कं आहे. पुढच्या खेपेला पुढची सीट तुमचीच."

ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाळ बघाया आमी दोघं येणार हाव. तवर नका बसवू. कुणी इचारलंच, तर पत्रा सडलाय म्हणून सांगा."