बाजारातलं अस्वल आणि गच्चीवरची बैठक

माझी बदली अकोट तालुक्यात, सातपुड्याला अगदी चिकटलेल्या एका गावात झाली, तेव्हा ग्रामसेवकाचं काम म्हणजे पाणी, नाल्या आणि घरकुलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिथे गेल्यावर कळलं, की मी दोन बायांमधला निरोप्या आहे.

एक आमच्या सरपंचबाई. संत्र्याची बाग सांभाळून गाव चालवणाऱ्या, आवाजाने खणखणीत. दुसऱ्या जंगलाच्या रेंजर मॅडम. साताऱ्याकडच्या, तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या. गावाच्या कडेने एक नाला वाहतो. अलीकडे ग्रामपंचायतीची हद्द, पलीकडे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. आठवडी बाजार नाल्याकाठीच भरायचा आणि बाजार उठला की सडकी फळं, भाजीचा पाला, सगळं नाल्यात. त्या वासावर रानडुकरं यायची आणि तिथून थेट शेतात शिरायची. वनखात्याचं म्हणणं, बाजार हलवा. सरपंचबाईंचं म्हणणं, आधी आमच्या बायांना जंगलात मोहाची फुलं वेचू द्या, मग बाजाराचं बोला.

तालुक्याच्या बैठकीत दोघी एकमेकींना नमस्कार करून दोन टोकांना बसायच्या. मग मला बोलावणं यायचं.

"त्याइले सांगा भाऊ," सरपंचबाई म्हणायच्या, "वाघ तुमचा म्हणता, मंग डुक्कर काहून आमचं?"

मी अमरावतीचा, त्यातलं काहीच माझ्या मनाला लागत नसे. पण मॅडमना वऱ्हाडी बोलणं म्हणजे भांडणच वाटायचं. म्हणून सरपंचबाईंच्या रागाला इस्त्री करूनच मी तो वनखात्याच्या दारात नेत असे.

होळी नुकतीच झाली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी मी कार्यालय उघडत होतो, तोच टरबूजवाला धापा टाकत आला. त्याने गाडीतून माल उतरवून ढीग लावला होता आणि त्या ढिगाशी अस्वल बसलं होतं.

मी पाहिलं तर खरंच. काळंभोर, झिपरं अस्वल दोन्ही पंजांत टरबूज धरून निवांत खात होतं. बाजारकरी चहूबाजूंनी भिंतींआड उभे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

मी दोघींनाही फोन केला. सरपंचबाई चपला हातात घेऊन पळत आल्या. मॅडम आपली माणसं घेऊन जीपने आल्या. बाजार पुरता दिसेल अशी जागा एकच होती, ती ग्रामपंचायतीची गच्ची. आम्ही तिघं वर चढलो. मॅडमनी बाजूच्या गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं उभी केली, नाल्याकडची वाट मोकळी सोडली आणि म्हणाल्या, "ताई, लोकांना शांत ठेवा. ते पोट भरलं की आपसूक जाईल. माझं लोक ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील."

सरपंचबाईंनी भोंग्याचा माईक हातात घेतला. त्यांना मी पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "आपल्या बाजारात पाव्हणा जेवून रायला," त्या म्हणाल्या. "त्याले पोटभर जेवू द्या. मोबाईल खिशात ठेवा, अन् जागचं कोणी हालू नका."

गाव चूप झालं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला, पण त्यांचे खांदे हसत होते.

अस्वलाला काही घाई नव्हती. एक टरबूज संपलं की ते दुसरं हुंगून बघायचं, पसंत पडलं नाही तर ढकलून द्यायचं. वर आम्हालाही दुसरं काम नव्हतं. सरपंचबाईंनी विचारलं, हे असं रोज गावात येईल का. मॅडम म्हणाल्या, नाल्यात फळं पडतील तोवर येईल. मग मॅडमनी मोहाचं विचारलं. बाया किती वाजता जातात, कोणत्या बाजूला, झाडाखाली जाळ का लावतात. सरपंचबाईंनी सांगितलं, पाला जाळला की फुलं दिसतात. झाडून घेतलं तरी चालतं, पण अंधारात, घाईत, लपून जावं लागलं की झाडायला वेळ कोणाला?

"मग उजेडात जा," मॅडम म्हणाल्या. "गटाने जा, जाळ लावू नका. माझा वनरक्षक सोबत देते."

"अन् बाजार मी एसटी थांब्याजवळ नेते. ती जागा पंचायतीचीच हाये."

इतके दिवस मी ज्याच्यासाठी पेट्रोल जाळत होतो, ते माझ्या डोळ्यांदेखत मिटलं. मला इस्त्री काढायची वेळच आली नाही. तेवढ्यात अस्वल उठलं, अंग झाडलं आणि नाला ओलांडून झाडीत गेलं. गावाने टाळ्या वाजवल्या. टरबूजवाल्याची भरपाई वनखात्याने करावी की पंचायतीने, यावर दोघींची "आम्ही देतो, आम्ही देतो" अशी उलटी ओढाताण झाली.

ग्रामसभेत दोन्ही ठराव हात वर करून मंजूर झाले. मॅडम सतरंजीवर बायांमध्ये बसल्या होत्या.

चैत्रात मोह गळायला लागला. पहिल्या सकाळी, सूर्य वर आल्यावर, मीही गेलो. जमीन पिवळसर फुलांनी भरलेली, हवेला तो गोड, जड वास. बाया खराट्याने पाला बाजूला सारत होत्या, वनरक्षक टोपल्या उचलून देत होता. मॅडमही वाकून वेचायला लागल्या. त्यांच्या ओंजळीत फुलांपेक्षा पाचोळाच जास्त बघून सरपंचबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी वाघच सांभाळा."

मॅडम हसल्या, सगळ्या बाया हसल्या, आणि मॅडम पुन्हा खाली वाकल्या.