पुढे सरकलेली सीट

नातवंडांनो, कॉलेजात इंग्रजी शिकवत होते तेव्हा अभ्यासक्रमात अधूनमधून एखादी भुताची कथा असायची. मी वर्गाला पहिला प्रश्न हाच विचारायची — यात खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा उत्तर सापडायचं. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आज आहे असंही म्हणणार नाही. तरी ही हकीकत मासिकातल्या अशा अनुभवांच्या या सदराला, तुम्हाला लिहिल्यासारखी, पाठवतेय. तुम्हाला देवनागरी जड जाते हे ठाऊक आहे. आईकडून वाचून घ्या, आणि ती मध्येच काही गाळतेय असं वाटलं तर थांबवून विचारा.

गाडीबद्दल तुम्ही फोनवर ऐकलंच आहे. तुमच्या आजोबांची सगळी नोकरी कालव्यांवर गेली, सरकारी जीपमध्ये हाडं खिळखिळी करत. एकदा तरी आपली मोठी जर्मन गाडी असावी, हे त्यांचं जुनं वेड. ते पुरं करायची वेळ आली तोवर डोळ्यांना काचबिंदू झाला होता आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली होती. तरी घेतलीच. जवळच्याच पापनाशम गावातल्या एका राईस मिलच्या मालकाची. ते गृहस्थ वारले होते आणि गाडी तशीच उभी होती. डिझेल सेडान, ऑटोमॅटिक, बाहेरून काळी, आत फिकट तपकिरी लेदर.

"अगं, नवी घेतली असती तर घर विकावं लागलं असतं," आजोबा म्हणाले. "हिच्यात बसून निदान घरी परत तरी येता येईल."

चालवायला सेल्वम होता. तमिळ माणूस, शेजारच्या तिरुवैयारुचा. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तुम्ही मोठं देऊळ बघितलंत, तोच. त्याची उंची तुम्हाला आठवत असेल. आमच्या आधीच्या छोट्या गाडीत त्याचे गुडघे स्टिअरिंगला घासायचे. ही गाडी आली त्या दिवशी त्याने चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि गाडी त्यांवरून पुढे घेतली. मी म्हटलं, लोणचं तरी झालं असतं. तो हसला नाही.

जुनी डिझेल गाडी सांभाळणं म्हणजे काय, ते मग कळलं. बाजार, बँक, देऊळ अशा फुटकळ फेऱ्या केल्या की धुराच्या नळीतला फिल्टर काजळीने तुंबतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. त्रिचीचा मेकॅनिक म्हणाला, "अम्मा, हिला आठवड्यातून एकदा हायवेवर मोकळी सोडा. घोडी आहे, तुम्ही शेळीसारखी दारात बांधलीय." तेव्हापासून सेल्वम दर आठवड्याला त्रिचीच्या रस्त्यावर लांब फेरी मारून यायचा. बहुधा एकटाच.

एके दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला.

"अम्मा, गाडीत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. का?"

"सीट पार पुढे आलीय. आणि वर. माझा पाय आत जात नाही. आरसेसुद्धा खाली झुकलेत."

या गाडीची सीट विजेवर सरकते. दाराला बटणं असतात, आणि कोणाची सीट कुठे हवी ते गाडी लक्षात ठेवते. कुठलंतरी बटण चुकून दाबलं गेलं असेल, असं मी म्हटलं. त्याने सीट मागे घेतली. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा... दर वेळी तोच येऊन तक्रार करायचा. मेकॅनिकने सीटची जुनी आठवण पुसून टाकली, खालचा एक भागही बदलला. "आता बटण दाबल्याशिवाय ही हलणार नाही," असं सांगून तो गेला. त्याच आठवड्यात सीट पुन्हा पुढे.

म्हणजे बटण कोणीतरी दाबत होतं.

मी विचार केला. सेल्वमची धाकटी मुलगी कविता नुकतीच अठराची झाली होती. आईसारखीच ठेंगणी. तिला गाडी शिकायचीय, हे त्यानेच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. आठवड्याची ती एकट्याची फेरी, मोकळा बायपास, दिवसभर किल्ली त्याच्या खिशात. आणि वर येऊन तक्रारही हाच करतो — चोराच्या उलट्या बोंबा. मला सगळं लख्ख दिसलं.

दारापुढच्या ओट्यावर उभी राहून मी विचारलं, "सेल्वम, कविता गाडी शिकतेय का?"

"स्कूटी शिकतेय, अम्मा."

"आणि ही गाडी?"

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "रायर अम्मा, घरातून कापूर आणा. पेटवा. मी विझवून सांगतो."

तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून सांगते. इकडे पेटता कापूर तळहाताने विझवून माणूस बोलला की विषय संपतो. भावाभावांची भांडणं तिथे थांबतात. आपण मराठी माणसं, इथल्या लोकांच्या तोंडी 'रायर', या गावात इतक्या पिढ्या राहिलो, मला हे काय ठाऊक नव्हतं? पण मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "असलं काही मला नको. खरं काय ते साध्या शब्दांत सांग."

मला वाटलं, मी समंजसपणे बोलतेय. त्याला ऐकू आलं ते वेगळंच — तुझी शपथसुद्धा माझ्या घरात चालणार नाही.

त्याने किल्ली ओट्यावर ठेवली. "अय्यांना सांगा, या आठवड्यात फिल्टर साफ झालेला नाही," म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला.

आजोबांना कळल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "तू कापूर नाकारलास? त्यापेक्षा थोबाडीत मारायचीस."

गाडी शेडमध्ये कुलूपबंद झाली. दोन्ही किल्ल्या माझ्या कपाटात, साड्यांखाली. सेल्वमची सीट मागे होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालून येताना सहज काचेतून डोकावले... सीट पुढे.

आता घरात संशय घ्यायला एकच माणूस उरला.

"अहो, तुम्ही गाडीत बसला होतात का?"

"बसलो असतो तर सीट मागे ढकलून बसलो असतो. त्या खुराड्यात मी मावेन का?"

तेही खरंच होतं. मग त्यांनीच चाचपडत बटण दाबून सीट मागे घेतली आणि चारी दारांच्या फटींवर मी कागदी पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर माझी सही केली. पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या. सीट पुढे आली.

शेवटी पापनाशमला फोन लावला. त्या मालकाच्या पत्नीला जरा आडवळणानेच विचारलं, "तुमचे यजमान बुटके होते का हो?"

त्या हसल्या. "आमचे? दारातून वाकून आत यायचे. आणि मी त्यांच्या खांद्याला लागायची."

"दुसरं कोणी चालवायचं का?"

"कोणालाच देत नसत." मग आवाज बदलला. "का विचारताय? गाडी आम्ही परत नाही हं घेणार."

सेल्वमचा काही दोष नव्हता, एवढं आता नक्की झालं. तिरुवैयारुला जाऊन त्याला घेऊन यायचं मी ठरवलं. पण जाऊन सांगायचं काय? तू खरा आहेस, कारण गाडीतली सीट आपोआप सरकते? हे वाक्य मला इंग्रजीत जमेना, तमिळमध्ये जमेना, मराठीत तर नाहीच. आज जाऊ, उद्या जाऊ, असं चाललं होतं.

आणि त्या दुपारी आजोबा ताकभात अर्धा टाकून उठले. चेहरा घामाने भिजलेला, डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला. "काही नाही, वायू झालाय," म्हणाले. त्यांच्या ओठांचा रंग मला दिसत होता. ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, वेळ लागेल म्हणाले. शेजारचे सगळे लग्नाला कुंभकोणमला. सेल्वमचा नंबर फिरवला, तो उचलेना.

लायसन्स माझ्याकडे आहे. मुदत संपलेले कागद मला घरात आवडत नाहीत, म्हणून दर वेळी नवं करून घेते. बाकी मी गाडी चालवली होती ती मद्रासला नोकरीला असताना, मैत्रिणीची, आणि तेव्हाही ढुंगणाखाली दोन उशा घेऊन. माझी उंची तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यातल्या सगळ्यात धाकट्यानेही मला केव्हाच मागे टाकलंय.

आजोबांना धरून मागच्या सीटवर आडवं केलं. पट्ट्या फाडल्या, दार उघडलं आणि बसले.

पाय ब्रेकवर नीट टेकला. समोरचा रस्ता बॉनेटवरून पूर्ण दिसला. मधल्या आरशात आजोबांचा चेहरा होता, बाजूच्या आरशांत शेडचे दोन्ही खांब. काही म्हणजे काही हलवावं लागलं नाही. आणि हलवायचं असतं तर कसं, हे मला येतही नव्हतं. ती बटणं मी कधी नीट बघितलीच नव्हती. शिंप्याने मापं घेऊन शिवावी, तशी ती जागा माझी होती.

घाबरायला मला हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये पोचल्यावर सवड मिळाली.

स्टेंट घातला. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी वॉर्डबाहेर बसले होते, तर समोर सेल्वम. हातात कॉफीचा फ्लास्क. फुलवाल्या बाईकडून त्याला कळलं होतं.

"अय्या?"

"बरे आहेत."

"गाडी खाली दिसली. कोणी आणली?"

"मी."

तो माझ्याकडून किल्ली घेऊन खाली गेला, मीही मागोमाग गेले. त्याने दार उघडून सीटकडे पाहिलं, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

"अम्मा, ही तुमच्यासाठी तयार होत होती," तो म्हणाला. "मला उगाच चोर केलंत."

"केलं. चुकलं माझं." मग जे दुपारपासून मनात होतं ते मी विचारलं. "पण सेल्वम, तू असतास तर यांना कोणी आणलं असतं?"

"मीच की. दुपारी मी शेडपाशीच तर बसलेला असतो. तुमच्या आधी पोचलो असतो."

"आणि तू का नव्हतास?"

सीटवर ठेवलेला हात त्याने काढून घेतला.

आता सेल्वम परत आलाय. त्या दिवसापासून सीट तो ठेवतो तिथेच राहते, एकदाही सरकली नाही. मेकॅनिकला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, ओलाव्याने वायरिंगमध्ये असं होतं. कोणत्या ओलाव्याला माझी उंची ठाऊक असते, असं मी विचारलं, तर त्याने बिल पुढे केलं. आजोबांच्या मते गाडीने त्यांचा जीव वाचवला. दर शुक्रवारी ते बॉनेटवर मोगऱ्याचा गजरा ठेवतात. विकायचं नाव काढू देत नाहीत. हायवेवरची फेरी चालूच आहे, फक्त सेल्वम आता एकटा जात नाही, बायकोला बरोबर घेतो. मी कारण विचारलेलं नाही.

मी मात्र गाडीचे आभार मानलेले नाहीत. तिने आम्हाला मदत केली, की आधी आमचा माणूस दूर केला आणि मग मदतीला आली, हे मला कळत नाही. पुष्कळ विचार केला. उत्तर नाही.

सुट्टीत याल तेव्हा स्टेशनवर हीच गाडी न्यायला येईल. मागे बसा. पुढे बसायचा हट्ट कोणी करू नका.