बाबांची बेल

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत, कारण तिच्या वयाचं तिथे दुसरं कोणी उरलं नव्हतं. पॅकिंगची यंत्रं चालवणारे संगणक अडले की माणसं मावशीकडे येत. यंत्राला काही सांगायचं असलं की ते संगणकाला इशारा देतं: हातातलं टाक, आधी माझ्याकडे बघ. याला म्हणतात इंटरप्ट. तो इशारा ओळखून पुढचं बघणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. या दोघांची भांडणं मिटवता मिटवता बाईचं अर्धं आयुष्य सरलं. स्वतःचं लग्न जमवायला मात्र हिला सवड झाली नाही, असं तिचा दादा चारचौघांत म्हणे आणि स्वतःच हसे.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि आवाज इतका खाली गेला की शेजारच्या खोलीत पोचेना. काही दिवस कंपनीने तिला घरून काम करू दिलं. मग सोमवारपासून ऑफिसात या, असा निरोप आला. दादा दुसऱ्या शहरात, भरल्या घरात. तो म्हणाला, "माझ्याकडे आणून सोड त्यांना."

'जेवलीस का' असं विचारणारं बाबा हे एकच माणूस मावशीला उरलं होतं. ती म्हणाली, "मी बेल करते. बाबांनी दाबली की माझ्या फोनवर वाजेल, मी ऑफिसात असले की शेजारच्या काकूंच्याही वाजेल. नीट चालली तर ते इथेच राहतील."

"आणि नाही चालली तर?"

"तर आणते तुझ्याकडे."

तिने वायरच्या टोकाला बटण लावून ते बाबांच्या उजव्या हातात दिलं, दुसरं टोक आपल्या खोलीतल्या जुन्या संगणकाला जोडलं आणि ड्रायव्हर स्वतः लिहिला. पहिल्या दिवशी बेल शहाण्यासारखी वागली. दुसऱ्या दिवसापासून तिने ताळतंत्र सोडलं. मावशी कामाला बसते न बसते तोच बेल. धावत जावं, तर बाबा छताकडे बघत पडलेले.

"बाबा, काय हवंय?"

"मला? काही नाही."

"बटण दाबलंत ना?"

"नाही गं. मी कशाला दाबू?"

झालं! दुसरी एखादी असती तर तिने बापाच्या तोंडाकडे नीट बघितलं असतं. आमच्या मावशीने वायरकडे बघितलं. पलंगाशेजारी फतकल मारून ती पेचकस घेऊन बसली. वायर बदलली, बटण बदललं. मग संगणकातल्या नेटवर्कच्या कार्डावर संशय गेला, कारण ते आणि बेलची वायर जोडलेलं कार्ड एकाच इंटरप्टवर बसली होती, आणि अशा शेजारात एकाचा इशारा दुसऱ्याच्या नावावर खपतो. तिने दोघांची फारकत करून दिली आणि तपासायला पुन्हा पलंगापाशी बसली. बाबा हळू आवाजात सांगत राहिले, तू लहानपणी रेडिओ उघडून ठेवायचीस, तुझी आई चिडायची. मावशी तोंडात स्क्रू धरून 'हं हं' करत होती. बेल वाजायची ती वाजतच राहिली.

रविवार उजाडला तसे तिने हात टेकले आणि या धंद्यात कारण सापडलं नाही की सगळे जे करतात तेच केलं. एकदा बेल वाजली की पुढची काही मिनिटं येणारे इशारे खोटे समजून सोडून द्यायचे, अशी सोय ड्रायव्हरमध्ये करून टाकली. घर चिडीचूप झालं. दादाला तिने मोठ्या ऐटीत कळवलं, "बेल सुधारली."

दुपारी बेल एकदा वाजली. तिने दारातूनच डोकावून बघितलं, बाबा ठीक होते, ती परत गेली. थोड्याच वेळात चहा घेऊन आली तर बाबा जमिनीवर, पाण्याचा पेला लवंडलेला, बटण मुठीत.

"वाजवली मी," ते पुटपुटले. "केव्हाची वाजवतोय. तू आली नाहीस."

तिने त्यांना कसंबसं उचलून पलंगावर बसवलं. नशिबाने हाड शाबूत होतं.

"बाबा, खरं सांगा. आधीची बेल कोण वाजवत होतं?"

"मीच."

"मग 'नाही' असं का म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर काय हवं ते देऊन निघून गेली असतीस. बिघाड असला की तू बसायचीस."

मावशीला शरमेने मान वर करवेना. ती उठली, घातलेली सोय काढून टाकून परत आली. "आता दरवेळी वाजेल. कितीही वेळा दाबा."

"उद्या तू ऑफिसात. वाजली तरी काकू डोकावून जातील." बाबांनी तिचा हात धरला. "दादाला फोन लाव. त्याच्या घरात कोणी ना कोणी जवळपास बसलेलं असतं."

तिने फोन लावून बाबांच्या तोंडाशी धरला.

"कोण? बाबा? काही ऐकू येत नाहीये, जरा मोठ्याने बोला!"

बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. मावशीने फोन आपल्या कानाला लावला.

"बाबा म्हणतायत," ती म्हणाली, "त्यांना तुझ्याकडे यायचंय."

"अगं, का? बेल नाही चालत का?"

"चालते रे," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.