सातशे वीस, साहेब

ग्रोसबाई माणसांची नावं विसरायच्या, पण झालेला अपमान कधीच नाही. अपमान त्यांना एकशे चव्वेचाळीसच्या पाढ्यासारखा पाठ असायचा. आनंदनगरातल्या आमच्या बटणांच्या कारखान्यात त्या चेकर होत्या. एका कार्डावर बारा बटणं, एका पेटीत बारा कार्डं, म्हणजे एक ग्रोस. पेट्या पुढे सरकवताना त्या पुटपुटायच्या, "एकशे चव्वेचाळीस, दोनशे अठ्ठ्याऐंशी, चारशे बत्तीस, पाचशे शहात्तर, सातशे वीस." पाचव्या पेटीला शेवटी शून्य आलं की मान हलवायच्या आणि पुन्हा चार, आठ, दोन, सहा. पंचवीस पेट्यांना छत्तीसशे झाले की खोका बंद.

ऐंशीच्या दशकात मी तिथे पॅकिंगला लागले, तेव्हा त्यांनी मला एक गंमत शिकवली. "पोरी, आलेल्या आकड्यातले अंक मिळवत जा. शेवटी नऊच उरतात. पेट्या भरलेल्या असल्या तर नऊ येणारच." मी घरी बाराशे शहाण्णव लिहून पाहिले. अठरा आले, मग नऊ. कितीतरी वेळ मी तेच करत बसले.

पुढे नवे सुपरवायझर आले. त्यांनी वजनकाटा आणला, त्यावर वजनावरून नगांचा आकडा यायचा. "बाई, तुमची पोपटपंची बंद. आता काटा बोलेल." बाईंनी फक्त शिक्का मारायचा. बाई शिक्का मारायच्या, पण त्यांचे ओठ हलतच राहिले.

महिन्याभरात उल्हासनगरच्या व्यापाऱ्याकडून एक खोका परत आला. एका पेटीत एक कार्ड कमी. व्यापाऱ्याचा माणूस ओरडत होता, "माल कम देते हो, ऊपर से शिक्का मारते हो!" सुपरवायझरनी शिक्क्यावर बोट ठेवलं आणि सुट्टीच्या वेळी गेटवर, दीडशे बायकांसमोर, एकट्या बाईंची पिशवी उलटी केली. डबा उघडून भाकरीखाली बघितलं. काही सापडलं नाही, तरी म्हणाले, "शनिवारी शेठ येतील. तोवर आत पाऊल टाकायचं नाही." नवरा नसलेली बाई, घरी दोन मुली. मला त्या माणसाचा आजही संताप येतो.

शनिवारी बाई इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. शेठना म्हणाल्या, "खोक्याच्या आत सगळ्यांनी पाहिलं. आता वरची चिठ्ठी वाचा." चिठ्ठी सुपरवायझरच्या हातची होती. पेट्या पंचवीस, नग पस्तीसशे अठ्ठ्याऐंशी. काट्याने खरं सांगितलं होतं, यांनी ते मुकाट उतरवलं होतं आणि सही ठोकली होती. बाई म्हणाल्या, "तीन, पाच, आठ, आठ. चोवीस. म्हणजे सहा. नऊ कुठे गेले, साहेब?"

शेठ हसले, बाईंना कामावर घ्या म्हणाले. बाई हलल्या नाहीत. "पिशवी गेटवर उघडली. साहेबांनी पाढा गेटवर म्हणायचा."

आणि म्हणायला लावला! सुपरवायझर पाचशे शहात्तरपर्यंत पोहोचले आणि अडकले. आम्ही सगळ्या बघत होतो. बाईंना पुढचा आकडा सांगता आला असता, पण त्या पदर सावरून बस पकडायला निघून गेल्या. सोमवारपासून गेटातून बाहेर पडणारी प्रत्येक बाई सुपरवायझरकडे बघून म्हणायची, "सातशे वीस, साहेब!" वर्षभर, रोज. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे.

आता खरं सांगते. ते कार्ड माझ्या टेबलाखाली पडलं होतं. खोका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मला सापडलं आणि घाबरून मी ते भंगाराच्या पिंपात टाकलं. गेटवर पिशवी उलटी झाली तेव्हा मी चार हातांवर उभी होते. गप्प.

बाईंना ते कळलं होतं. कामावर परतल्या त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसल्या. "कमी भरलेल्या पेटीच्या दोरीची गाठ तुझ्या हातची होती. बोल, एकशे चव्वेचाळीस." रोज छत्तीसशेपर्यंत, चुकलं की पहिल्यापासून. दोन महिने माझा डबा गार झाला. कुणाला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाई गेल्या. शिरगावात त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला सुपरवायझर आले होते, केस पिकलेले. वंदना संपल्यावर माझ्याजवळ आले. "त्यांची माफी मागायची राहिली. ते कार्ड पेटीत कुणी ठेवलं नव्हतं, कळलं का हो कधी? अजून डोक्यातून जात नाही."

खरं सांगितलं असतं तर त्यांना शांत झोप लागली असती. मी बाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, साहेब."