झेंडूची वाट

पात्स्कुआरोच्या तळ्याकाठी मक्याच्या पानात उकडलेले तमाले विकणारी तोमासा भल्याभल्यांना दमात घ्यायची. पण मृतांचा दिवस जवळ आला, की तिचा जीव बारीक व्हायचा. त्या दिवशी घरोघरी आरास मांडून गेलेल्या माणसांच्या तसबिरी ठेवतात, दारापासून आरासीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. गेलेलं माणूस रात्री त्या वाटेने येऊन गेलं, की त्याच्या तसबिरीपुढे ठेवलेल्या पावाची चव जाते. आईचा पाव दर वर्षी मातीसारखा लागायचा. थोरल्या बहिणीचा, देल्फिनाचा, मात्र मेला जसाच्या तसा गोड!

देल्फिना चित्रं काढायला म्हणून राजधानीला पळाली, ती तिकडेच वारली. मागे एकच तसबीर आली, तिने स्वतःच काढलेली स्वतःची. अंगात निळा झगा, दोन लांब वेण्या, आणि तोंडाच्या जागी बंद दार. कुलपाच्या भोकातून पाणी झिरपतंय.

"अगं, नाक नाही, डोळे नाहीत," शेजारीण चोना म्हणायची, "ही आपलीच तसबीर, हे तिला तरी कसं कळावं?"

"तुला दोन डोळे आहेत ना? मग काल माझी कोंबडी तुझी म्हणून का धरलीस?"

यंदा धूळ पुसायला तसबीर उन्हात धरली आणि तोमासाचा हात थांबला. दाराची वरची बिजागरी चामड्याच्या वादीने बांधलेली. खाली कुत्र्याच्या नखांचे ओरखडे.

"अगं बाई! हे तर आपलं मागचं दार!"

देल्फिना घर सोडून निघाली, त्या दिवशी बाप पुढच्या दारात आडवा उभा होता. "गेलीस तर या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही." देल्फिना तेव्हा चुलीपाशी तोमासाची वेणी घालत होती. एक झाली, दुसरी अर्धी राहिली. "उरलेली आल्यावर घालते," म्हणाली आणि मागच्या दाराने गेली.

आणि तोमासा इतकी वर्षं झेंडू घालत होती तो पुढच्या दारापासून!

"बापाचं कधी ऐकलं नाहीस," ती तसबिरीला म्हणाली, "आणि ऐकलंस ते हेच होय गं?"

तिने टोपली उचलली आणि मागच्या दारापासून चुलीला वळसा घालून आरासीपर्यंत पाकळ्या पसरल्या. कडी काढून ठेवली. आपल्या पांढऱ्या केसांची एक वेणी घातली, दुसरी बाजू मोकळी सोडली आणि चुलीपाशी बसली. बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.

सकाळी चोना आली, तर तोमासा देल्फिनाचा पाव चघळत होती.

"कसा लागतोय?"

"भुसा गं, नुसता भुसा!" तोमासाचे डोळे भरून आले होते. तिचा हात केसांकडे गेला. डावीकडची बाजू मोकळीच होती.

चोनाने फणी पुढे केली, पण तोमासाने ती घेतली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "उरलेली वेणी घालायला पुन्हा यायचीय ती अजून."