वकील सोडायला गेलो तवा

आता कुठल्या तोंडानं सांगू तुमास्नी? पर चहा टाकलाय तर ऐकाच. माझ्यासारखा शाना उभ्या कराड तालुक्यात घावायचा न्हाई.

चुलतभाऊ दौलू आन माझ्यात विहिरीवरनं खटला. सात वर्सं. जर्मनची लढाई सुरू झाली, संपली, पर आमच्या तारखा काय संपंनात. कोर्टात जायचो ते बी दौलूच्याच बैलगाडीतनं, कारण वाडीत धड गाडी त्याचीच. वाटंत एका फडक्यातली भाकरी खायची आन जज्जापुढं एकमेकाला लबाड म्हणायचं. लय कटाळलो, गड्यांनो. शेवटच्या तारखेला गेलोच न्हाई. म्हटलं, नवीन काय व्हणार हाय?

त्या सांजंला दौलू घरी आला. डोळ्यात पाणी.

"दादा, बास झालं. एका रक्ताची मानसं आपुन. विहीर मला सोड. तुला पान्याला कवा न्हाई म्हनायचा न्हाई मी."

सात वर्सांत पयल्यांदा दादा म्हटला. मी पार इरघाळलो. दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या देवळात पंचांम्होरं बेलभंडारा उचलला. विहीर दौलूची. आता ही शपथ मोडायची म्हंजी देवाशी गाठ.

म्हटलं, वकिलांना सांगून येतो. दौलू म्हणाला, "कशाला तंगडतोड? कळंल त्यास्नी आपोआप." गाडी मागितली तर बैल लंगडतोय म्हणाला. पर मी पडलो रीतीचा मानूस. गेलो चालत. वाटंभर एकच वाक्य घोकत.

"साहेब, राग मानू नका. आता तुमची गरज न्हाई."

वकीलसाहेब हसले. "राग कसला, बापू? खटला जिंकल्यावर वकील कशाला लागतो?"

"कोन जिंकलं?"

"तुम्हीच की. विहीर तुमची. निकालाला तुम्ही नव्हता, म्हणून तुमच्या भावालाच बजावलं, घरी जाऊन दादाला कळव. कळवलं नाही त्यानं?"

मी पायरीवरच बसलो.

"कळवलं, साहेब," म्हटलं. "रडत रडत कळवलं."

दौलू शब्दाला मात्र जागला, हां. उन्हाळ्यात घागर घिऊन गेलो की सोता पाणी शेंदून देतो. म्हणतो, "पी दादा, पोटभर पी. कोर्टानं तुलाच दिलीया."